थांबलेल्या कामाची भाषा

सुरतेस ‘जॉब’ हा शब्द मुळीच नवा नाही. सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचे आणि विणाईचा दर मीटरवर ठरलेला, अशा व्यवहाराला येथे ‘जॉबवर्क’ म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांपासून इचलकरंजीच्या मागांपर्यंत कामगारांच्या टोळीवर देखरेख करणाऱ्या आणि माग अडला म्हणजे पाने घेऊन धावणाऱ्या माणसाला ‘जॉबर’ म्हणत आले आहेत. गेल्या काही वर्षांत मात्र हा शब्द आमच्या मराठी घरांतून तिसऱ्याच अर्थाने ऐकू येऊ लागला आहे. संगणकाच्या कंपनीत काम करणारा मुलगा किंवा सून पहाटे फोनवर सांगत असते, ‘जॉब दोन तास अडकला होता, शेवटी मारून टाकला.’ शेजारच्या खोलीत जाग्या असलेल्या आजीबाईंच्या मनात त्या वेळी काय येत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. नोकरी अडकली म्हणावे, तर पगार वेळेवर येतो आहे. आणि मारले कोणाला, हे विचारण्याचा धीर होत नाही!

हा अडकलेला जॉब म्हणजे काय, तो का अडकतो आणि तो सोडविण्याची शहाणी रीत कोणती, याचा विचार आम्ही या महिन्यात करणार आहोत. विषय तांत्रिक वाटला तरी सुरतेच्या वाचकांस तो परका वाटू नये असे आम्हांस वाटते. उधना, पांडेसरा, लिंबायत येथील ज्या घरांतून वडील लूमखात्यात उभे राहिले आणि मुले संगणकापुढे बसली, त्या घरांत या प्रश्नाचे अर्धे उत्तर वडिलांना आधीच ठाऊक आहे.

प्रथम मुलांच्या कामाविषयी. संगणकाचा कार्यक्रम हा मुळात लिहिलेला मजकूर असतो. दहावीस किंवा शेदोनशे माणसे मिळून तो लिहितात आणि प्रत्येकजण रोज त्यात काही ना काही बदल करीत असतो. या मजकुराचे बहुधा यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते, निरनिराळे भाग एकमेकांस जोडावे लागतात, जोडलेली वस्तू नीट चालते की नाही याच्या शेकडो चाचण्या घ्याव्या लागतात, आणि मग ती बांधून गिऱ्हाइकाकडे धाडावी लागते. या साऱ्या खटाटोपाला ‘बिल्ड’ म्हणतात. आपण त्याला बांधणी म्हणू. पूर्वी ही बांधणी एखादा माणूस संध्याकाळी बसून करीत असे. आता कोणी एक ओळ बदलली की यंत्रे आपोआप कामाला लागतात.

अशा व्यवस्थांपैकी एक फार प्रसिद्ध झाली. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत असलेल्या कोहसुके कावागुची या जपानी तंत्रज्ञाने २००४ च्या सुमारास ‘हडसन’ नावाने तिचा आरंभ केला. आपल्या बदलामुळे सर्वांची बांधणी मोडते आणि सहकाऱ्यांची बोलणी खावी लागतात. तेव्हा आपली चूक इतरांच्या ध्यानी येण्यापूर्वी यंत्रानेच आपल्याला सांगावी, एवढाच त्यांचा साधा हेतू होता. २०११ मध्ये ही व्यवस्था ‘जेन्किन्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अशा व्यवस्थेत बांधणीचा प्रत्येक टप्पा हा एक जॉब असतो. तो एखाद्या मोकळ्या यंत्राकडे सोपविला जातो आणि बाकीचे जॉब आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभे राहतात.

आता या जॉबचे तीन शेवट संभवतात. तो यशस्वी होतो, तो फसतो, किंवा तो अडकतो. पहिल्या दोहोंत काळजीचे फारसे कारण नाही. फसलेला जॉब निदान बोलतो. कोणत्या ओळीपाशी फसलो, कोणती चाचणी उतरली नाही, हे सांगून तो मोकळा होतो आणि यंत्रही मोकळे करतो. अडकलेला जॉब यातले काहीच करीत नाही. तो संपत नाही आणि फसतही नाही. पडद्यावर ‘चालू आहे’ अशी खूण दिसत असते, म्हणून पाहणारा निश्चिंत असतो. इकडे त्याने एक यंत्र अडवून धरलेले असते आणि मागची रांग वाढत असते. त्या रांगेत एखाद्या बँकेच्या किंवा इस्पितळाच्या संगणकातील भगदाड बुजविणारी दुरुस्ती उभी असेल, तर अडकलेल्या एका जॉबची किंमत त्या जॉबपुरती राहत नाही.

हीच अडचण मागापाशी उभ्या असलेल्या माणसाला पुष्कळ आधीपासून माहीत आहे. मागावर उभे धागे हजारोंच्या संख्येने ताणलेले असतात. त्यांतला एक तुटला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर माग थांबत नाही. तो त्याच जोराने खडखडत राहतो आणि कापडात त्या तुटलेल्या धाग्याची रेघ गजामागून गज उतरत जाते. आडवा धागा संपला किंवा तुटला तर प्रकार आणखीच विचित्र होतो. धोटा इकडून तिकडे धावतो, फणी ठोकत राहते, वीज जळते, आवाजही नेहमीसारखाच येतो. पण कापड विणले जात नाही. बाहेरून पाहणाऱ्यास हा माग कामात गढलेला वाटेल. वस्तुतः त्याचे काम केव्हाच थांबलेले असते.

यंत्र हलते आहे, एवढ्यावरून काम पुढे सरकते आहे असे ठरत नाही. अडकलेल्या जॉबचा सारा घोटाळा या एका गोष्टीत आहे, आणि विणकामाच्या इतिहासात तिच्यावर उपायही तितकाच साधा निघाला. प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी अडकवायची. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी वर टांगलेली राहते. धागा तुटला की ती स्वतःच्या भाराने खाली पडते. तिच्या पडण्याने विजेचा मंडल पुरा होतो, किंवा एखादा दाता अडतो, आणि माग जागच्या जागी उभा राहतो. आडव्या धाग्यासाठी एक छोटी काटी असते; तिला धागा लागला नाही की तीही मागाला थांबविते. धागा तुटू नये अशी सोय या पट्टीने होत नाही. तुटलेला धागा गुपचूप तुटलेला राहू नये, एवढीच सोय होते.

जपानमधील साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पुरा केला, त्यात न थांबता धोटा बदलण्याची युक्ती होती आणि धागा तुटताच थांबण्याचीही होती. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्रनिर्मात्या कंपनीने १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क विकत घेतले. याच कुटुंबाने पुढे मोटारींचा कारखाना काढला आणि मागावरचे तत्त्व तेथेही नेले. त्या तत्त्वाला जपानीत ‘जिदोका’ म्हणतात. ‘स्वयंचलन’ या अर्थाचा शब्द लिहिताना ‘हलणे’ दाखविणारे जे अक्षर येते, त्याच्या शेजारी तोयोदांच्या परंपरेत ‘माणूस’ दर्शविणारी खूण जोडतात. नुसते आपोआप हलणारे यंत्र त्यांना पुरेसे वाटले नाही. काही बिघडले हे माणसासारखे ओळखून थांबेल, तेच यंत्र खरे स्वयंचलित असा त्याचा आशय.

ही गोष्ट जुनी झाली असे समजण्याचे कारण नाही. आपल्या देशात लाखो साधे यंत्रमाग अशा पट्टीवाचून चालत आले. केंद्र सरकारने २०१३ मध्ये साधे यंत्रमाग आहेत त्याच जागी सुधारण्याची योजना सुरू केली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती ‘पॉवरटेक्स इंडिया’ या मोठ्या योजनेत घेतली. त्या सुधारणेत मागाला जी साधने बसवायची होती, त्यांत उभा किंवा आडवा धागा तुटताच माग थांबविणारी साधने प्रमुख होती. मागाला थांबायला शिकविण्यासाठी सरकारने पैसे द्यावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. पण एकाच कामगाराला अनेक माग पाहावयाचे असतात. प्रत्येक मागावर त्याने सतत डोळा ठेवावा ही अपेक्षा माणुसकीची नव्हे आणि शहाणपणाचीही नव्हे. सुरतेत आता पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे जे वेगवान माग आले आहेत, त्यांच्यापैकी अनेकांवर रंगीत दिव्यांचा छोटा खांब असतो. कोणता माग थांबला आणि कशासाठी थांबला, हे कामगाराला लांबूनच समजते.

बांधणीच्या यंत्राला अशी पट्टी बसविता येते काय? येते, पण वाटते तितकी सहज नव्हे. धागा तुटला की नाही हे डोळ्यांना दिसते. कार्यक्रम अडकला की नुसताच मंद चालला आहे, हे बाहेरून नेमके सांगणे फार कठीण. १९३६ मध्ये ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने तर असे सिद्ध केले की, कोणताही कार्यक्रम दिला असता तो कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणजे येथे सर्वज्ञ परीक्षक मिळण्याची आशा गणितानेच खुंटविली. मग व्यवहारी माणूस जे करतो तेच तंत्रज्ञांनी केले: त्यांनी मुदत घातली.

मुदती दोन प्रकारच्या असतात आणि त्यांतला भेद जाणण्याजोगा आहे. पहिली एकूण वेळेची. ‘गिटहब’ या सर्वपरिचित व्यवस्थेत काही वेगळे सांगितले नसेल तर एका जॉबला ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास मिळतात. ‘गिटलॅब’मध्ये ६० मिनिटे. ज्या घरच्या चाचण्या दहा मिनिटांत आटोपतात त्या घरी सहा तासांची मुदत म्हणजे मुदत नसल्यासारखीच होय. गिटहबच्या फुकट योजनेत खासगी कामासाठी महिन्याला २,००० मिनिटे मिळतात. पाचसहा रात्री एकेक जॉब असा सहा सहा तास अडकून पडला तर महिन्याची शिदोरी संपलीच. म्हणून नवशिक्या मुलांना आम्ही एवढेच सुचवू की, आपला जॉब एरवी किती वेळ घेतो हे पाहावे, त्याच्या दुपटी-तिपटीइतकी मुदत स्वतः लिहून ठेवावी आणि यंत्राच्या उदारपणावर विसंबू नये.

दुसरी मुदत मौनाची. जॉब चालू असताना आपण काय करीत आहोत हे एका वहीत लिहीत जातो. तिला ‘लॉग’ म्हणतात. या वहीत बराच वेळ एकही ओळ उमटली नाही तर काहीतरी बिघडले असे धरून चालायचे. ‘डेबियन’ ही १९९३ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी चालविलेली संगणकप्रणाली आहे. तिच्यातील हजारो कार्यक्रमांची बांधणी निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर आपोआप होत असते. तेथे १५० मिनिटे वहीत काहीच न लिहिणारा जॉब बंद करण्याचा रिवाज आहे. ‘सर्कलसीआय’ ही व्यवस्था दहा मिनिटेच वाट पाहते. डेबियनच्या बांधणीयंत्रात आणखी एक समंजस सोय आहे: एखादा कार्यक्रम स्वभावतःच मितभाषी असेल, जुन्या मंद यंत्रावर तासन्‌तास न बोलता काम करणारा असेल, तर त्या एकट्यापुरती मुदत वाढवून लिहून ठेवता येते. सर्वांना एकच फूटपट्टी लावली तर प्रामाणिक पण अबोल कामकऱ्यावर अन्याय होतो, हे त्यांनी अनुभवाने ओळखले असावे.

मौनाच्या मुदतीतून पळवाटही निघाली. ‘ट्रॅव्हिस’ या एके काळी लोकप्रिय असलेल्या व्यवस्थेत दहा मिनिटे न बोलणारा जॉब बंद पडत असे. म्हणून एक छोटा साहाय्यक ठेवण्यात आला, जो मूळ काम चालू असेतो दर मिनिटाला एक ओळ छापीत राही. लांब पण खऱ्या कामासाठी ही सोय ठीकच होती. परंतु त्यातील धोका वाचकांच्या ध्यानात आला असेलच. ओळ छापणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा. आत काम करणारा गतप्राण होऊन पडला तरी दाराशी बसलेला ‘सर्व ठीक’ म्हणत राहणार. आडवा धागा नसताना धावणारा धोटा तो हाच! म्हणून जॉबने बोलावे ते झालेल्या कामाविषयी बोलावे. ‘चालू आहे’ या शब्दांना अर्थ नाही. ‘४०० पैकी २१३ चाचण्या झाल्या’ या शब्दांना आहे.

जॉब अडकतो तो कशाने, तेही पाहू. सर्वांत हास्यास्पद आणि तरीही वारंवार घडणारे कारण म्हणजे प्रश्न. एखादा कार्यक्रम मध्येच विचारतो, ‘पुढे जाऊ काय? होय की नाही?’ रात्रीच्या दोन वाजता दूरच्या यंत्रघरात त्याला उत्तर द्यायला कोणी नसते. तो सभ्यपणे वाट पाहत बसतो. उपाय हा की, येथे विचारण्यासारखे कोणी नाही, काय करायचे ते आधीच ठरले आहे, हे त्याला आरंभीच बजावून ठेवावे. दुसरे कारण परस्परांची वाट. एकाच्या हाती पेटी आहे, दुसऱ्याच्या हाती किल्ली आहे. पेटी मिळाल्याखेरीज किल्ली सोडणार नाही असे एक म्हणतो, किल्ली मिळाल्याखेरीज पेटी देणार नाही असे दुसरा. दोघेही आपापल्या परीने बरोबर आणि दोघेही कायमचे अडकलेले! वाटणीच्या वादात रुतलेल्या भाऊबंदांचे उदाहरण येथे कोणालाही सुचेल. तिसरे कारण बाहेरगावचे. दूरच्या यंत्राकडे काही मागितले, तिकडून उत्तरच आले नाही, आणि किती वेळ थांबायचे हे कोणी ठरविलेलेच नव्हते. चौथे कारण असे की जॉब मुळी सुरूच झालेला नसतो. त्याने विशिष्ट प्रकारचे यंत्र मागितले आणि तसे यंत्र कोठे जिवंतच नाही. गिटलॅब अशा जॉबवर ‘अडकला’ अशी स्पष्ट चिठ्ठी लावते. गिटहबमध्ये स्वतःच्या यंत्रासाठी रांगेत उभा राहिलेला जॉब २४ तासांनी फसला असे ठरते. या चौथ्या प्रकारात जॉबच्या आत शोधीत बसणे व्यर्थ. यंत्र बंद आहे काय ते पाहावे.

आता ‘मारण्या’विषयी. अडकलेला जॉब सापडला की पुष्कळांचा हात लगेच तो बंद करून पुन्हा सुरू करण्याकडे वळतो. हीच घाई आम्हांस घातक वाटते. अपघात झाला म्हणजे आधी पंचनामा होतो, मग रस्ता मोकळा होतो. तोच क्रम येथे असावा. जॉब अडकलेला असतानाच तो कोणत्या ओळीपाशी उभा आहे, कोणाची वाट पाहत आहे, वहीत शेवटची नोंद कोणती, यंत्रातील जागा भरली आहे काय, हे टिपून घ्यावे. बंद केल्यावर हा पुरावा नाहीसा होतो आणि पुढच्या खेपेस पुन्हा अंधारात चाचपडणे आले.

बंद करण्यातही रीत आहे. प्रथम कार्यक्रमाला थांबण्याची विनंती पाठवितात. तीत आवराआवर करण्यास, अर्धवट फाइली पुसण्यास, हातची किल्ली जागेवर ठेवण्यास अवसर मिळतो. ती मानली नाही तरच जबरदस्तीचा हुकूम जातो आणि त्यापुढे कोणाचे काही चालत नाही. दोहोंमध्ये ‘डॉकर’ ही व्यवस्था सामान्यतः १० सेकंद आणि ‘कुबरनेटीस’ ३० सेकंद वाट पाहते. शिवाय एका जॉबने आपल्या हाताखाली इतर छोटी कामे सुरू केलेली असतात. मुख्य काम बंद झाले तरी ती पोरकी होऊन मागे राहतात आणि यंत्र अडवून धरतात. म्हणून साऱ्या टोळीला एकत्र निरोप द्यावा लागतो. मग जागा स्वच्छ करावी, मागे राहिलेली कुलुपे काढावीत, आणि त्यानंतरच काम नव्याने सुरू करावे. पुन्हा सुरू करण्यालाही मर्यादा हवी. गिटलॅबमध्ये एखादा जॉब आपोआप पुन्हा चालविण्याची संख्या फार तर दोन ठेवता येते. तिसऱ्यांदा अडकलेल्या जॉबला चौथी संधी देणे ही दया नव्हे; कारण शोधण्याचा तो कंटाळा होय.

पंचनाम्याचे मोल दाखविणारा एक प्रसंग पृथ्वीपासून फार दूर घडला. अमेरिकेचे ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. त्यात एक पहारेकरी कार्यक्रम बसविलेला होता. महत्त्वाचे काम ठरल्या वेळेत पुरे झाले नाही असे दिसताच तो सारा संगणक नव्याने सुरू करी. पहारेकऱ्यामुळे यान वाचत होते, परंतु प्रत्येक खेपेस त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जात होते. मंगळावर जॉबर पाठविता येत नाही! तंत्रज्ञांनी पृथ्वीवरील तशाच प्रतिकृतीवर तो प्रकार पुन्हा घडवून आणला आणि जपून ठेवलेल्या नोंदी तपासल्या. तेव्हा उलगडा झाला. हवामानाची माहिती गोळा करणारे एक कनिष्ठ काम सामायिक साधनाची किल्ली घेऊन बसे. ती हवी असलेले वरिष्ठ काम ताटकळत राही. आणि मधल्या दर्जाची कामे कनिष्ठाला बाजूला सारून आपले घोडे पुढे दामटीत, त्यामुळे बिचाऱ्या कनिष्ठाला किल्ली परत ठेवण्यास सवडच मिळेना. उपाय असा केला की, ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला, ती परत करीपर्यंत, ताटकळणाऱ्या वरिष्ठाचाच मान मिळावा. हा छोटा बदल पृथ्वीवरून यानाकडे धाडण्यात आला आणि दुखणे थांबले. नव्याने सुरू होते आहे ना, मग चालू द्या, असे म्हणून ते स्वस्थ बसले असते तर कारण कधीच हाती लागले नसते.

येथवर यंत्रांविषयी झाले. पण थांबण्याची किंमत कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न यंत्राचा नव्हे, आणि आमच्या मते खरी मेख येथेच आहे. सुरतेच्या लूमखात्यात मजुरी बहुधा मीटरवर मिळते. माग थांबला की कापड थांबते आणि कापड थांबले की मजुरी थांबते. अशा वेळी खाली पडणारी पट्टी मालकाचे कापड वाचविते, पण त्या मिनिटांचा तोटा कामगार सोसतो. त्यावर वर आणखी बोलणी बसू लागली, तर एखाद्याला ती पट्टी बांधून ठेवण्याचा मोह होईल, आणि त्याला एकट्याला दोष देणे न्यायाचे होणार नाही. बांधणीच्या यंत्रघरातही हेच घडते. धोक्याची घंटा वारंवार वाजते म्हणून मुदत एका तासाची दोन तास करतात, मग चार करतात. घंटा थांबते, पण आजार आत वाढत राहतो. रात्रपाळीच्या मुलाने जॉब अडकल्याचे कळविले आणि सकाळी त्यालाच सर्वांदेखत जाब विचारला गेला, तर पुढच्या रात्री तो कळविणार नाही. गुपचूप बंद करील आणि पुन्हा सुरू करील. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही गैर दिसले तर कोणत्याही कामगाराने ती ओढावी. दोष तेथेच निस्तरला नाही तर ओळ थांबते. ती ओढल्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही, म्हणूनच ती ओढली जाते. पट्टी बसविणे सोपे आहे. ती पडल्यावर न रागावणे कठीण आहे, आणि तेवढ्यावरच सारी व्यवस्था उभी आहे.

म्हणून कारखानदार वाचकांस आमचे सांगणे असे की, थांबलेल्या मागाच्या मिनिटांचा हिशेब करताना त्या मिनिटांत वाचलेले कापडही मोजावे आणि त्यातला काही वाटा ते थांबणे सोसणाऱ्याला मिळेल असे पाहावे. संगणकाच्या कामात असलेल्या मुलामुलींस सांगणे असे की, प्रत्येक जॉबला मुदत घालावी, त्याला झाल्या कामाविषयी बोलायला लावावे, बंद करण्यापूर्वी पंचनामा करावा, आणि तीनदा अडकलेल्या कामाचे कारण शोधण्यासाठी वरिष्ठांकडे एक दिवस हक्काने मागून घ्यावा. आणि घरातील वडीलधाऱ्यांस एवढेच सांगावेसे वाटते की, मुलगा किंवा सून पहाटे लाल डोळ्यांनी उठली तर ‘अजून संपले नाही का?’ असे विचारण्यापेक्षा ‘कशापाशी अडले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय-नाही एवढ्यावर संपते. दुसऱ्याचे उत्तर देताना मनुष्य आपल्या अडचणीकडे पुन्हा एकदा नीट पाहतो. लूमखात्यात आयुष्य काढलेल्या आजोबांना तर ते उत्तर कदाचित अर्ध्यावरच समजेल.